नसूहचे कपाट आणि हामिदचा चिमटा

दिवाळी अंकात मुले वाढविण्याविषयी लिहावयाचे म्हणजे लेखकाने स्वतःची मुले वाढविली असली पाहिजेत, आणि बरी वाढविली असली पाहिजेत, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. त्यांपैकी पहिली अट मी पुरी केली आहे. दुसरीविषयी माझ्या मुलांना विचारावे लागेल. त्यांतला एक या प्रश्नाचे उत्तर देताना बराच वेळ गप्प राहील, हे मला आजच सांगून ठेवले पाहिजे. कारण पुढे ज्या पुस्तकावर मी टीका करणार आहे, त्या पुस्तकातल्या बापाशी माझे जवळचे नाते आहे.

निमित्त झाले ते असे. माझ्या धाकट्या मुलीचा मुलगा नुकताच सहा वर्षांचा झाला. मुसलमान घरांत मूल चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांचे झाले की त्याची 'बिस्मिल्ला' करण्याची जुनी चाल आहे. पाटीवर पहिले अक्षर गिरवायचे, वडीलधाऱ्याने तोंडातून 'बिस्मिल्ला' म्हणवून घ्यायचे, आणि मग मिठाई. तो सोहळा थाटात झाला. आता मुलीचा प्रश्न असा, "अब्बा, बिस्मिल्ला झाली. पण पुढे काय? नमाज शिकवेन, कुराण शिकवेन. पण त्याला ते आवडले पाहिजे ना? भीतीने पढलेली नमाज आणि प्रेमाने पढलेली नमाज, यांतला फरक त्याला कोण शिकवणार?"

मी जन्मभर शाळेत मराठी शिकविले. प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसले की पुस्तकाकडे वळायचे, ही मास्तरकीची खोड निवृत्त झाल्यावरही सुटलेली नाही. म्हणून कपाटातून दोन पुस्तके काढली. एक उर्दू कादंबरी, एक हिंदी कथा. दोन्ही पूर्वी वाचलेल्या. पण पूर्वी मी त्या मुलगा म्हणून वाचल्या होत्या, पुढे मास्तर म्हणून. आजोबा म्हणून वाचण्याची ही पहिलीच वेळ.

पहिले पुस्तक डेप्युटी नजीर अहमद यांचे 'तौबतुन्नसूह', सन 1874 चे. मराठी वाचकांना नजीर अहमद यांचे नाव फारसे परिचित नसेल, म्हणून थोडे सांगतो. हे बिजनोर जिल्ह्यातले. लहानपणी दिल्लीच्या एका मशिदीतल्या मदरशात गरीब विद्यार्थी म्हणून राहिले. मोहल्ल्यातल्या घरोघरी जाऊन भाकरी गोळा करायची आणि मौलवीसाहेबांच्या घरी मसाला वाटायचा, असा त्यांचा क्रम होता. वाटता वाटता हात थांबला की त्या घरातली लहानगी पोर बोटांवर बत्ता मारी. पुढे तीच मुलगी त्यांची पत्नी झाली, अशी हकिगत मिर्झा फरहतुल्ला बेग यांनी मोठ्या गमतीने लिहून ठेवली आहे. हा मुलगा पुढे दिल्ली कॉलेजात शिकला, शाळाखात्यात डेप्युटी इन्स्पेक्टर झाला, 'ताजीरात-ए-हिंद' म्हणजे इंडियन पीनल कोडाच्या उर्दू भाषांतरात त्याने मोठा वाटा उचलला आणि शेवटी कुराणाचेही उर्दू भाषांतर केले. आपल्या मुलींना वाचायला बरे पुस्तक मिळेना म्हणून त्यांनी स्वतःच थोडे थोडे लिहून दिले. त्याचे 'मिरातुल उरूस' झाले. ते 1869 साली छापून निघाले आणि सरकारने त्याला हजार रुपयांचे बक्षीस दिले. उर्दू कादंबरीचा आरंभ पुष्कळ जण तेथूनच धरतात. म्हणजे उर्दू कादंबरी जन्मली तीच मुळी एका बापाने मुलींसाठी लिहिलेल्या धड्यांतून. तिच्या गुणांचे आणि दोषांचे मूळ मला या एका गोष्टीत दिसते.

'तौबतुन्नसूह'ची कथा थोडक्यात अशी. दिल्लीत पटकीची साथ आली आहे. नसूह नावाच्या खात्यापित्या गृहस्थाला पटकी होते. औषधाच्या गुंगीत त्याला स्वप्न पडते. एक भले मोठे न्यायालय आहे, आणि तेथे मेलेल्या माणसांच्या आयुष्याचा हिशेब चालला आहे. त्याचा वारलेला बापही तेथे आपली फर्दे-जुर्म घेऊन उभा आहे. नसूह जागा होतो तो वेगळाच माणूस होऊन. आजवर आपण मुलांना खाऊ घातले, कपडे केले, पण ईश्वराची ओळख करून दिली नाही, ही टोचणी त्याला लागते. तो बायकोला, फहमीदाला, सारे सांगतो. मुलगे त्याने सुधारायचे, मुली तिने, अशी वाटणी होते. तीन मुलगे : कलीम, अलीम, सलीम. मुली दोन : थोरली नईमा, सासरी न पटून बाळासह माहेरी आलेली, आणि धाकटी हमीदा.

येथवर वाचून कोणाही आईबापाला नसूहविषयी आदरच वाटेल. मरणाच्या दारातून परतलेला माणूस पैशाची नव्हे, मुलांच्या आत्म्याची चिंता करतो. ही चिंता खोटी नाही. नजीर अहमद यांच्या लेखणीलाही ती खोटी वाटलेली नाही. कादंबरीतला सर्वांत सुंदर भाग हमीदाचा आहे. बापाला पहिल्यांदाच नमाज पढताना पाहून ती आईला विचारते, हे काय करतात? कोणासाठी करतात? मग आपण का करीत नाही? त्या बालप्रश्नांपुढे आई वरमते. धर्मशिक्षण मुलाने विचारलेल्या प्रश्नापासून सुरू व्हावे, बापाने ठोकलेल्या व्याख्यानापासून नव्हे, ही गोष्ट नजीर अहमद यांनी दीडशे वर्षांपूर्वी ओळखली होती. माझ्या नातवाने सहरीच्या वेळी अर्धवट झोपेत मला विचारले होते, "नाना, अल्लामियाँको नींद नै आती क्या?" कुराणातल्या 'आयतुल कुर्सी'त याच प्रश्नाचे उत्तर आहे : त्याला डुलकी लागत नाही आणि झोपही येत नाही. मुलाने प्रश्न विचारल्यावर ती आयत त्याला शिकविली. एका आठवड्यात पाठ झाली. मी स्वतः ती लहानपणी छडीखाली तीन महिन्यांत पाठ केली होती.

पण नसूह पुढे काय करतो? थोरला मुलगा कलीम कवी आहे, शौकीन आहे, गर्विष्ठही आहे. बाप माडीवर बसून त्याला बोलावणे पाठवितो. कलीम जात नाही. पुन्हा बोलावणे. पुन्हा नकार. आई मध्ये पडते, भाऊ मध्ये पडतो, शेवटी बाप लांबलचक पत्र लिहितो. मुलगा घर सोडून निघून जातो. एका घरात राहणारे बापलेक, मधे एक जिना, आणि घर फुटेपर्यंत दोघांची समोरासमोर भेट होत नाही. मुलाने का जायला हवे, हे सांगणारी पात्रे कादंबरीत तीन-चार आहेत. बापाने चार पायऱ्या उतरून जावे, असे सांगणारे एकही नाही. माझ्या मते सारी शोकांतिका त्या जिन्यावर घडते, आणि लेखकाच्या ते ध्यानात येत नाही.

मुलगा गेल्यावर नसूह त्याच्या खोल्या उघडतो. एक 'इशरत मंजिल', एक 'खलवतखाना', अशी त्यांची नावे. चित्रे आहेत, खेळ आहेत, आणि पुस्तकांचे कपाट आहे. सुंदर बांधणीची पुस्तके : किस्से, दिवाण, काव्य. नसूह ती चाळतो, अश्लील आणि वाया ठरवितो आणि त्यांची होळी करतो. लेखकाचा कल उघडच नसूहकडे आहे. आणि येथेच दैवाने मोठा क्रूर विनोद केला. पुढे वृद्धपणी याच नजीर अहमद यांनी पैगंबरांच्या पत्नींविषयी 'उम्महातुल उम्मा' नावाचे पुस्तक लिहिले. त्यातली बोलीभाषा काहींना अनादराची वाटली, गहजब झाला, आणि त्या पुस्तकाच्या प्रती जाळण्यात आल्या. ज्या लेखकाने कादंबरीत पुस्तके जाळणाऱ्या बापाची पाठ थोपटली, त्याच्याच पुस्तकाला आग लागली. जाळणाऱ्यांचा हेतूही नसूहसारखाच शुद्ध असणार. अशा हेतूंपुढे वाद घालता येत नाही, म्हणूनच ते भयंकर.

कलीमचा शेवट दुःखद आहे. ढोंगी मित्र मिर्झा जाहिरदार बेग त्याला आपल्या घरी न नेता एका मशिदीत निजवितो आणि भाजलेल्या चण्यांवर बोळवण करतो. हा प्रसंग उर्दूतल्या विनोदी लेखनाचा नमुना म्हणून आजही वाचावा. पुढे कलीम फौजेत जातो, जखमी होतो, परत येतो आणि पश्चात्ताप करून मरतो. बोधकथेच्या गणिताप्रमाणे उत्तर बरोबर आले. पण वाचक रडतो तो कलीमसाठी. पुस्तक मिटल्यावर नसूहचे एक वाक्य आठवत नाही. त्या मशिदीत चणे चघळीत बसलेला अभिमानी पोरगा मात्र आठवतो.

आता मला जो मुख्य मुद्दा मांडायचा आहे तो असा. या कादंबरीत जी मुले खरोखर सुधारतात, ती कोणामुळे सुधारतात? धाकटा सलीम नसूहच्या उपदेशाने बदललेला नाही. बापाने तोंड उघडण्यापूर्वीच तो शेजारच्या मुलांच्या आजीकडे, हजरत बींकडे, जाऊ लागला होता. तिने त्याला जवळ बसवून, चुकले ते हळू आवाजात सांगून माणसात आणले होते. नईमाची गोष्ट याहून बोलकी. हमीदा नईमाचे बाळ खाली ठेवून नमाजीला उभी राहते, म्हणून नईमा तिला सजद्यातच ढकलते. पोरीला लागते. आई रागावते, नईमा नमाजीविषयीच वेडेवाकडे बोलते, आणि आई तिला थप्पड मारते. त्या थपडेने नईमा सुधारते का? मुळीच नाही, अन्नपाणी सोडून रुसून बसते. मग तिची मावसबहीण सालिहा येते, तिचे रुसवे काढते आणि तिला मावशीच्या घरी घेऊन जाते. त्या घरातली शांत, गोड रीत पाहता पाहता नईमा आपोआप बदलते.

म्हणजे पाहा : बापाची आज्ञा हरली, आईची थप्पड हरली. जिंकली शेजारची आजी आणि मावसबहीण. नजीर अहमद उपदेशक म्हणून सांगतात एक, आणि कथाकार म्हणून दाखवितात दुसरेच. मला वाटते, चांगल्या कथाकाराची हीच खूण. त्याचे मत चुकले तरी त्याची पात्रे खोटे बोलत नाहीत.

येथे कोणी धर्मनिष्ठ वाचक म्हणेल, "मास्तर, नसूहने चूक ती काय केली? सात वर्षांच्या मुलाला नमाज सांगा, दहाव्या वर्षी न पढल्यास मारा, असे हदीसमध्येच नाही का?" आहे. पण हिशेब करून पाहावा. सातापासून दहापर्यंत तीन वर्षे. दिवसाला पाच वेळा. म्हणजे पाच हजारांवर वेळा तोंडाने सांगून झाल्यानंतरची ती गोष्ट. आणि त्या मारालाही धर्मशास्त्रज्ञांनी मर्यादा घातल्या आहेत. आपल्यापैकी किती जण पाच हजार वेळा शांतपणे सांगतात? आपण पाचव्या वेळेलाच दहावे वर्ष लावतो. आणि नसूहच्या बाबतीत तर मुलगे मोठे होईपर्यंत एकदाही सांगितले नव्हते.

शिवाय हदीस एकच नाही. सजद्यात असताना नातू पाठीवर चढून बसला म्हणून पैगंबरांनी तो उतरेपर्यंत डोके वर उचलले नाही, हीही हदीसच. मागे कोणाचे मूल रडताना ऐकू आले तर आईचा जीव कासावीस होईल म्हणून ते नमाज आटोपती घेत, हीही हदीसच. अबू उमैर नावाच्या पोराचा पाळलेला पक्षी मेला, तेव्हा त्याच्याजवळ थांबून त्यांनी त्या पक्ष्याची चौकशी केली, तीही. एका टोळीच्या सरदाराने फुशारकीने सांगितले की मला दहा मुले आहेत, मी एकाचाही कधी मुका घेतला नाही. त्याला मिळालेले उत्तर असे की, जो दया करीत नाही त्याच्यावर दया केली जात नाही. हे सारे प्रसंग आपल्या घराघरांतून सांगितले जातात. पण नेमके आपल्याच मुलाच्या वेळी आठवतो तो छडीचा.

नसूहला त्याच्याच धर्मग्रंथाच्या मापाने मोजून पाहावे, म्हणून मी कुराणातले बाप शोधले. लुकमान मुलाला उपदेश करतो, नूह महापुराच्या लाटांवरून मुलाला हाक मारतो, इब्राहीम मुलाला आपले भयंकर स्वप्न सांगतो, याकूब लहानग्या यूसुफला सावध करतो. चौघांचे प्रसंग किती वेगळे! पण चौघेही मुलाला एकाच शब्दाने हाक मारतात : 'या बुनय्य'. अरबीत 'इब्न' म्हणजे मुलगा. 'बुनय्य' हे त्याचे लाडके रूप. आपल्या मराठीत 'बाळा', किंवा आमच्या घरातले 'बेटा'. लुकमानचा उपदेश कडक आहे, पण प्रत्येक टप्प्यावर ही हाक परत येते. त्यात तो शेवटी सांगतो की आवाज खाली ठेव, कारण सर्वांत वाईट आवाज गाढवाचा. हा उपदेश मुलाला केलेला असला तरी मी तो बापांनीही पाठ करावा म्हणेन. इब्राहीम तर स्वप्नातली आज्ञा ईश्वराची मानतो, तरीही मुलाला विचारतो, तुला काय वाटते? ईश्वराची आज्ञा हाती असताना ज्याने मुलाचे मत घेतले, त्याच्यापुढे आपल्या घरातल्या आज्ञा त्या काय!

आणि नूह! त्याचा मुलगा ऐकत नाही. डोंगरावर चढून वाचेन म्हणतो आणि बुडतो. पैगंबर असूनही एका बापाला आपला मुलगा आणता आला नाही, हे कुराणाने लपविलेले नाही. पण नूहने शेवटच्या लाटेपर्यंत हाक मारली ती 'बाळा' म्हणूनच, आणि तो बुडाल्यावरही ईश्वराकडे गाऱ्हाणे नेले की तो माझ्या घरचा होता. मुलाचे कपाट जाळायला नूह गेला नाही. 'नसूह' हे नाव कुराणातल्याच निर्मळ तौबेच्या शब्दावरून घेतलेले. त्याची तौबा निर्मळ होती, याविषयी मला शंका नाही. फक्त ती तौबा त्याने स्वतःपुरती न ठेवता मुलांकडून वसूल केली. पश्चात्ताप बापाचा आणि दंड पोराला, असा तो व्यवहार झाला.

दुसरे पुस्तक म्हणजे प्रेमचंदांची 'ईदगाह', 1933 सालची. ही कथा हिंदीच्या पाठ्यपुस्तकांमुळे महाराष्ट्रातही घरोघर पोहोचलेली आहे. योगायोग असा की येथेही आरंभी पटकी आहे. नसूहला पटकीने मरणाच्या दारी नेऊन परत आणले. हामिदच्या बापाला ती घेऊनच गेली. आईही मागोमाग झिजून गेली. राहिली म्हातारी आजी, अमीना, आणि चार-पाच वर्षांचे पोर. नावेही पाहण्यासारखी : तेथे हमीदा, येथे हामिद. दोन्ही एकाच धातूची, 'हम्द' म्हणजे स्तुती. दोघेही सश्रद्ध मुले. पण एक शिकली बापाला पाहून, दुसरा कोणाला पाहून?

ईदगाह तीन कोस दूर. हामिदच्या पायांत जोडे नाहीत. घरात उरलेल्या दोन आण्यांतले तीन पैसे त्याच्या खिशात आणि पाच अमीनाच्या बटव्यात. मित्र शिपाई, भिश्ती, वकील अशी मातीची खेळणी घेतात, मिठाई खातात. एक तर त्याला रेवडी दाखवून स्वतःच्याच तोंडात टाकतो. हामिद लोखंडाच्या दुकानापुढे थांबतो आणि तीन पैशांत चिमटा घेतो, कारण तव्यावरून पोळ्या काढताना आजीची बोटे भाजतात.

या कथेत कोणी कोणाला धर्म शिकवीत नाही. नमाजीचा प्रसंग आहे. ओळीमागे ओळ, गरीब-श्रीमंत खांद्याला खांदा लावून एकदम वाकतात. पण प्रेमचंद तेथे व्याख्यान देत नाहीत, फक्त बघायला लावतात. खरी शिकवण घरातच होऊन गेलेली आहे. सकाळपासून अमीनाच्या मनात एकच घोर : एवढासा जीव तीन कोस चालेल कसा, पाय भाजतील, कोण कडेवर घेईल? तिला त्याचे पाय दिसतात. म्हणून त्याला तिची बोटे दिसतात. मुलाच्या भावना ओळखण्याचे शिक्षण, ज्याच्यावर हल्ली मोठमोठी पुस्तके निघतात, ते मला याहून सोप्या शब्दांत सांगता येत नाही. ज्याची वेदना घरात कोणीतरी पाहिलेली असते, त्यालाच दुसऱ्याची वेदना पाहता येते.

आपल्या साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिली तीही याच 1933 साली. न्हालेल्या पोराच्या ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून स्वतःचे ओचे पसरणारी ती आई, आणि मग पायांना जपतोस तसे मनालाही जप असे सांगणारी. आधी ओचे, मग उपदेश. हा क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा. अमीना आणि श्यामची आई एकमेकींना भेटल्या असत्या तर त्यांना दुभाष्याची गरज पडली नसती.

पण टीकाकाराने आवडत्या कथेलाही सोडू नये. 'ईदगाह'मध्ये एक धोका आहे, आणि तो मला एका विद्यार्थिनीने दाखविला. एकदा वर्गात मी विचारले, या कथेवरून काय शिकलात? सगळ्यांनी लिहिले की वडीलधाऱ्यांची सेवा करावी, हट्ट करू नये. एका मुलीने एकच ओळ लिहिली : हामिदला एक खेळणे मिळायला पाहिजे होते. त्या वेळी मी तिला दहांपैकी चार गुण दिले. आज दहा देईन. प्रेमचंदांनी शेवटी अमीनाला लहान मूल करून रडविले आणि हामिदला म्हातारा केला. तो चमत्कार म्हणून सुंदर आहे, पण रीत म्हणून नव्हे. पाच वर्षांच्या मुलाने पोक्त व्हावे लागणे हे गरिबीचे पाप आहे, त्याचा आदर्श करून सुखवस्तू घरातल्या मुलांना "बघ, हामिद कसा होता!" असे सुनावणे म्हणजे पुन्हा नसूहच्याच माडीवर जाऊन बसणे. प्रेमचंद स्वतः हे जाणून होते. म्हणून त्यांचा हामिद मनातल्या मनात मित्रांवर जळतो, मिठाई खाणाऱ्यांच्या तोंडाला फोड येतील म्हणतो, चिमट्याची बंदूक करून फुशारकी मारतो. तो मत्सरी आहे, हजरजबाबी आहे, थोडा भांडखोर आहे. तरीही चिमटा घेतो. पाठ्यपुस्तकांतल्या प्रश्नांनी हे सारे पुसून त्याचा संत केला.

आता माझ्या नात्याची गोष्ट सांगतो आणि आवरतो.

माझा थोरला सोळा वर्षांचा असताना जुम्याच्या नमाजीला येईनासा झाला. त्याच्याजवळ पाच वह्या होत्या. रेडिओवरची गाणी, गझला, मधूनच स्वतःच्या काही ओळी, सुंदर अक्षरात उतरवून घेतलेल्या. एका शुक्रवारी तो घरी नसताना मी त्या रद्दीवाल्याला घातल्या. जाळल्या नाहीत, एवढे समाधान मी पुढे पुष्कळ वर्षे मानीत असे. त्यानंतर तो माझ्याशी भांडला नाही. भांडला असता तर बरे झाले असते. तो दुसऱ्या शहरात नोकरीला गेला. ईदला फोन करतो, तब्येतीची चौकशी करतो, पैसे पाठवितो. मुलगा म्हणून कशातही उणा नाही. फक्त आमच्या बोलण्यात त्या वह्यांएवढी जागा रिकामी असते. मी वर्गात 'ईदगाह'चा भावार्थ समजावून देत होतो त्याच वर्षांतली ही हकिगत आहे.

गेल्या रमजानात नातवाने हट्ट धरला की मीही रोजा ठेवणार. लहान मुलांसाठी आमच्यात 'चिडीरोजा' असतो, चिमणीचा उपास. अर्धाच दिवस. पण त्याला ते कोणी सांगितले नव्हते. त्याच्या मते तो पुरा रोजा होता. दुपारी मी त्याला माठाजवळ पाहिले. त्याने इकडेतिकडे बघून पाणी प्यायले, ओठ पुसले आणि पुन्हा रोजेदारासारखे तोंड करून अंगणात गेला. माझ्या आतला नसूह उठून उभा राहिला, हे मी कबूल करतो. चोरून पाणी, वर खोटे! पण वय झाल्याने माझे गुडघे रागाइतके चपळ राहिलेले नाहीत. मी उठेपर्यंत राग बसला होता.

संध्याकाळी इफ्तारला खजूर हातात घेऊन तो तसाच बसून राहिला. मग माझ्या कानाशी लागून म्हणाला, "नाना, मैं बारा बजे पानी पिया." डोळे भरलेले. मी म्हणालो, "बेटा, तुझा चिडीरोजा होता. चिमणीचा रोजा दुपारीच सुटतो." त्याने माझ्याकडे नीट पाहिले, खरे सांगतो की समजूत घालतो ते अजमावले, आणि खजूर तोंडात टाकला.

ईदच्या फोनवर मी ही गंमत थोरल्याला सांगितली. तो हसला. मग बराच वेळ गप्प झाला. मग म्हणाला, "अब्बा, मेरे टैम पे ये मालूम नै था क्या?"

कादंबरीतल्या नसूहला हा प्रश्न विचारण्याची संधी कलीमला मिळाली नाही. माझ्या मुलाला ती वीस वर्षांनी मिळाली, आणि त्याने ती घेतली, हे त्याचे माझ्यावर उपकारच आहेत. मी काही समर्थन करू गेलो असतो तर कदाचित करताही आले असते. मास्तर माणसाला ते कठीण नसते.

"नै था, बेटा," मी म्हणालो.

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. थोड्या वेळाने तो त्या वह्यांतल्या एका गाण्याविषयी बोलू लागला. मला ते गाणे ठाऊक नव्हते. मी ऐकत राहिलो.